एक शब्द पुरे : ताटीच्या अभंगांच्या निमित्ताने

नाताळचा गोठा अजून आवरलेला नसतो, तोच संकल्पांचा हंगाम सुरू होतो. नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर घरोघरी यादी उतरते : पहाटे उठणे, तंबाखू सोडणे, रोज सायंकाळी कुटुंबाने एकत्र रोझरी म्हणणे, पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचणे, रागाला आवर घालणे. संक्रांतीचा तीळगूळ वाटून होईपर्यंत यांतील बरेचसे संकल्प मागे पडलेले असतात. उपवासकाळ उजाडतो तेव्हा उरते ती केवळ एक अपराधी भावना, आणि प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी तीच यादी पुन्हा ऐकू येते.

या यादीला अलीकडे एक पर्याय सुचविला जातो. संकल्प नकोत, वर्षभरासाठी एकच शब्द निवडावा, तो दृष्टीसमोर ठेवावा आणि प्रत्येक निर्णय त्याच्या उजेडात घ्यावा, असे म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींतही ही चाल रुजू लागली आहे. कोणी 'शांती' निवडतो, कोणी 'धैर्य', कोणी 'कृतज्ञता'. शब्द सुरेख अक्षरांत लिहून भिंतीवर लावला जातो. या प्रथेची टिंगल करावी असे आम्हांस वाटत नाही. तिच्यात काही सत्य आहे. परंतु ती आज ज्या रूपात चालते त्या रूपात ते सत्य हाती लागते का, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. त्यासाठी आम्ही कसोटी म्हणून एक जुनी मराठी रचना घेत आहोत. तिची कर्ती मानली जाणारी स्त्री आपल्या खानदेशच्या मातीत विसावली आहे, आणि जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाने तिचे नाव धारण केले आहे. ती स्त्री मुक्ताबाई. ते गाव मुक्ताईनगर. आणि ती रचना म्हणजे ताटीचे अभंग.

प्रथम प्रथेविषयी. एक शब्द घेऊन जगणे ही नवी कल्पना नव्हे. ख्रिस्तसभेत ती फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे तपस्वी राहत, त्यांच्याकडे दूरदूरचे लोक येत आणि एकच मागणे मागत : बाबा, मला एक शब्द द्या. प्रवचन नको, ग्रंथ नको. ज्यावर जगता येईल असा एक शब्द हवा. नाइट्रिया येथील पाम्बो नावाच्या अशाच एका तपस्व्याची गोष्ट इतिहासकार सॉक्रेटिस याने नोंदविली आहे. पाम्बोला अक्षरओळख नव्हती. स्तोत्र शिकावे म्हणून तो एका जाणत्या माणसाकडे गेला. एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा आरंभ, म्हणजे जिभेला आवर घालण्याविषयीचे वचन, कानी पडताच तो उठून निघाला. एवढे आचरणात आले की पुढचे शिकायला येतो, असे त्याने सांगितले. सहा महिने लोटले तरी तो फिरकला नाही, तेव्हा त्याला जाब विचारण्यात आला. पहिले वचनच अजून साधले नाही, असे त्याचे उत्तर होते. पुढे बऱ्याच वर्षांनी कोणी विचारले, तेव्हा एकोणीस वर्षांत ते जेमतेम साधत आले आहे, असे तो म्हणाला.

ही गोष्ट आजच्या प्रथेला दोन प्रश्न विचारते. एक, शब्द वर्षाअखेर बदलायचा कशासाठी? दुसरा, शब्द निवडायचा की घ्यायचा? पाम्बोने स्तोत्रसंहिता चाळून मनपसंत वचन उचलले नव्हते. समोर आले ते त्याने घेतले, आणि ते त्याच्या सोयीचे नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या उपासनेतच दडलेले आहे. १ जानेवारी हा दिवस ख्रिस्तसभा पवित्र मरिया देवमाता हिचा सोहळा म्हणून पाळते, आणि पोप सहावे पॉल यांनी ठरविल्याप्रमाणे १९६८ पासून तो जागतिक शांतता दिनही आहे. त्या दिवशीच्या मिस्सात वाचले जाणारे संत लूकचे शुभवर्तमान मात्र एका नामकरणाशी येऊन थांबते. आठव्या दिवशी बालकाला नाव दिले गेले. शुभवर्तमानकार मुद्दाम नोंदवितो की ते नाव आईबापांनी शोधलेले नव्हते. गर्भधारणेच्या आधीच ते देवदूताने सांगितले होते. आपल्या वर्षाचा पहिला दिवस असा एका शब्दाचा दिवस आहे : 'येशू', म्हणजे परमेश्वर तारतो. आणि तो शब्द निवडलेला नाही, मिळालेला आहे.

आता मुक्ताईनगरकडे वळू. जुने नाव एदलाबाद. आसपास केळीच्या बागा, कापसाची काळी जमीन, आणि जवळच तापी-पूर्णेचा संगम. त्या संगमावरच्या चांगदेव गावी चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. कोथळी आणि मेहूण येथे मुक्ताबाईची स्थाने आहेत. शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. तिची पालखी येथून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असा मोठा पल्ला पायी तुडवीत आषाढीला पंढरपुरी पोहोचते. 'मुक्ता' या शब्दाचा एक अर्थ मोती आणि दुसरा अर्थ सुटलेली, मोकळी झालेली. वर्षाला शब्द हवा म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की येथे एका अख्ख्या गावाने आपल्यासाठी एक शब्द घेतला आहे.

चांगदेव आणि मुक्ताबाई यांची नावे एका आख्यायिकेने जोडली गेली आहेत. थोर योगी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले. ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप लिहावे, की वयाने लहान म्हणून चिरंजीव? मायना सुचेना, तेव्हा कोरा कागदच त्यांनी धाडून दिला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षे तप करूनही हा योगी कोराच राहिला. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले, तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी आपल्याहून वयाने कितीतरी लहान अशा मुक्ताबाईला गुरू मानले.

आख्यायिकेचा ऐतिहासिक कस काही असो, तिचा अर्थ आपल्या विषयाला थेट भिडतो. चांगदेवांची अडचण ज्ञानाच्या अभावाची नव्हती. मानापमानाच्या हिशेबाची होती. समोरच्याला काय म्हणावे हे ठरत नाही, म्हणून एकही शब्द लिहिता येत नाही. नव्या रोजनिशीचे पहिले पान पुष्कळदा याच कारणाने कोरे राहते, किंवा संकल्पांनी इतके भरते की ते कोऱ्यासारखेच होते. आपण कोणाचे कोण आहोत हे ज्याने ठरविलेले नाही, त्याला आपण काय करावे हेही ठरविता येत नाही.

आता मुख्य रचनेकडे. ताटीच्या अभंगांची पार्श्वभूमी आळंदीची आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली ती चार भावंडे. भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कोणीतरी अपमान केला, आणि ते व्यथित होऊन झोपडीत शिरले व त्यांनी आतून ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. ताटी म्हणजे लाकडी दरवाजा नव्हे. बांबूच्या कामट्यांचे, गवताचे, झोपडीच्या तोंडाशी लावायचे आडोशासारखे दार. धाकटी बहीण बाहेर उभी राहते आणि थोरल्या भावाला ताटी उघडण्यास विनविते. हे सारे अभंग या एका मागणीभोवती फिरतात. प्रतींनुसार त्यांची संख्या कमी-अधिक आढळते. कर्तृत्वाचा प्रश्न आम्ही अभ्यासकांवर सोपवितो. आम्हांला पाहावयाचे आहे ते रचनेचे बळ.

त्या बळाचे रहस्य ध्रुवपदात आहे. प्रत्येक अभंगात युक्तिवाद नवा आहे. कधी बहीण योग्याची लक्षणे सांगते : ज्याचे मन शुद्ध तो लोकांचे अपराध पोटात घालतो. कधी ती म्हणते की जग पेटले असता संताने पाणी होणेच शोभते. कधी लोकांचे बोल शस्त्रासारखे लागले तरी त्यांतून उपदेश घ्यावा असे सुचविते. युक्तिवाद बदलतो, दृष्टांत बदलतो, पण कडव्याअखेर तीच मागणी परत येते. नव्या कडव्यातील अर्थ घेऊन ती येते आणि म्हणून प्रत्येक वेळी थोडी वेगळी ऐकू येते. पहिल्यांदा ती काकुळती वाटते, मग आठवण, मग जवळजवळ आज्ञा. शब्द एकच राहतो. त्याच्याभोवतीचे जीवन फिरते. वर्षाचा शब्द याहून वेगळे काय करणार? जानेवारीत जो शब्द एक गोष्ट सांगतो, तोच पेरणीच्या दिवसांत दुसरी आणि घरात आजारपण आले असता तिसरी सांगतो. यादीला हे साधत नाही. यादीतील ओळ पुरी झाली की संपते, न झाली की खुपते.

या अभंगांत सारे काही एकाच तोलाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. जेथे योगाची व वेदान्ताची परिभाषा दाटते तेथे स्वर जड होतो आणि बहिणीच्या जागी आचार्य बोलू लागतो. जेथे घरातला, शरीरातला दृष्टांत येतो तेथे मात्र रचना अजोड होते. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, म्हणून कोणी दात पाडून टाकतो का? या आशयाचा तिचा प्रश्न वाचताच क्षमेवरची आमची कितीतरी प्रवचने फिकी वाटू लागतात. ज्यांनी दुखविले ते परके नाहीत, एकाच देहाचे अवयव आहेत, हे तिने एका वाक्यात सांगितले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने एका शरीराच्या अनेक अवयवांची जी प्रतिमा योजिली आहे, तिची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थात दोन्हींची मुळे भिन्न आहेत. मुक्ताबाईची एकता ब्रह्माच्या सर्वव्यापकतेतून येते. पौलाची एकता ख्रिस्ताच्या देहात घातल्या गेलेल्या बाप्तिस्म्यातून येते. साम्य दाखविताना हा भेद पुसून टाकणे दोन्ही परंपरांचा अनादर करण्यासारखे होईल. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी गोड आहे हे सांगण्यासाठी ती आपलीच विहीर आहे असे म्हणण्याची गरज नसते.

येथे व्याकरणाची एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. संकल्प नेहमी प्रथम पुरुषात आणि भविष्यकाळात असतो : मी करीन, मी सोडीन. ताटीच्या अभंगांची मागणी द्वितीय पुरुषात आणि आज्ञार्थात आहे : तू उघड. बोलणारा दुसरा आहे, आणि कृती उद्याची नाही, आत्ताची आहे. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाचा पहिला शब्दही आज्ञार्थीच आहे : ऐक. आमच्या मते याच ठिकाणी आजच्या प्रथेचे दुबळेपण उघडे पडते. 'शांती', 'धैर्य', 'कृतज्ञता' ही भाववाचक नामे आहेत. ती कोणालाच काही करावयास सांगत नाहीत. ती आपणच आपल्याला बहाल केलेली असतात, म्हणून ती आपल्याला दुखवीतही नाहीत. ज्याचे सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून चार वर्षे बोलणे नाही, तोही 'शांती' हा शब्द भिंतीवर लावू शकतो. किंबहुना त्यालाच तो अधिक आवडेल. कारण बोलणे टाळले म्हणजे शांती राहते, अशी त्याने आपली समजूत घालून घेतलेली असते. त्याला 'ताटी' हा शब्द दिला असता तर मात्र त्याला उठावे लागले असते.

यावरून वर्षाच्या शब्दाच्या तीन कसोट्या आम्हांस सुचतात. पहिली, शब्द हाताला लागणारा असावा : वस्तूचा किंवा कृतीचा. उघड, ऐक, थांब, परत कर. किंवा उंबरठा, पान, पाणी. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव व आप्तांनी उतरवून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. तरी त्यांनी मनाविषयी सांगितले ते सारे शेतातल्या, चुलीपाशी दिसणाऱ्या वस्तूंच्या भाषेत. आपल्या खानदेशाला हा धडा निराळा शिकविण्याची गरज नाही.

दुसरी कसोटी, शब्द दुसऱ्याकडून यावा. ताटी आत बसलेल्याला दिसत असते, पण ती उघडण्याची हाक बाहेरून येते. आणि रचनेतील मर्म असे की ती सर्वांत धाकट्या भावंडाकडून येते. ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्यालाही आपला शब्द स्वतः सापडला नाही, धाकट्या बहिणीने तो दिला. घरातल्या लहानाकडून, सुनेकडून, शेजाऱ्याकडून आलेला शब्द आपण ऐकतो का, हा प्रश्न कुटुंबप्रमुखांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही स्वतःला विचारावा. व्यासपीठावरून बोलण्याची सवय झालेल्या माणसाचा कान लवकर जड होतो.

तिसरी कसोटी, शब्दाची काही किंमत पडावी. ज्ञानदेवांचा अपमान खरा होता. ताटी लावण्याचे कारण खरे होते. मुक्ताबाई ते कारण नाकारीत नाही. तुला लागलेच नाही, असे ती म्हणत नाही. लागले आहे तरी उघड, असे तिचे म्हणणे आहे. ज्या शब्दासाठी मनाची कोणतीही जखम ओलांडावी लागत नाही, तो शब्द शोभेचा समजावा.

एक आक्षेप येथे संभवतो. शब्दाला इतके महत्त्व देणे म्हणजे मंत्रतंत्राकडे झुकणे नव्हे काय? सावधगिरी रास्त आहे. डोळे मिटून बायबल उघडावे, बोट ठेवावे आणि जे वचन येईल ते वर्षाचे भाकीत मानावे, हा प्रकार आपल्या काही घरांत चालतो. तो श्रद्धा नव्हे, सोडत आहे. चौदाव्या शतकातील 'अज्ञानाचा मेघ' या अर्थाचे नाव असलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या अनामिक लेखकाने प्रार्थनेसाठी अगदी लहान, शक्यतो एकाच अक्षराचा शब्द घ्यावा असे सुचविले, ते त्या शब्दात जादू आहे म्हणून नव्हे. पुष्कळ शब्दांत मन पांगते आणि एका शब्दात ते गोळा होते, एवढेच कारण. शब्द हे साधन आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभी जो शब्द देवाबरोबर होता आणि देह झाला असे आपण मानतो, त्याच्या सेवेत आपला लहानसा शब्द राहिला तरच त्याला अर्थ.

आता 'ताटी' हा शब्द आपल्या समाजाच्या दारापाशी आणून पाहू. खानदेशातील कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. कोणी रेल्वेच्या नोकरीच्या निमित्ताने भुसावळला आले, कोणी शिक्षक म्हणून, परिचारिका म्हणून; कोणी येथल्याच आदिवासी पाड्यांतले. थोडक्या लोकांना आतून ताटी लावून घेण्याचा मोह फार होतो. एखादा टोमणा ऐकू येतो, कोणी परके म्हणते, आणि आपण आपल्या सणांसह, आपल्या गाण्यांसह आत बसतो. दुखणे खोटे नसते. तरी मुक्ताबाईची हाक आपल्यालाही लागू आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्यांनी भाषेची ताटी उघडली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गाइली, तेव्हा त्यांनीही तेच केले. हा वारसा केवळ अभिमानाने मिरविण्याचा नाही. दार किती उघडले याचा हिशेब तो आपल्याकडेही मागतो.

आणि ताटी केवळ समाजाला नसते. ती कुटुंबात अधिक असते. मुलीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून लावलेली ताटी, वाटणीत कमी मिळाले म्हणून लावलेली, मद्यपी मुलाला कंटाळून लावलेली, पाद्रीबाबांशी न पटल्याने मंदिराकडेच फिरविलेली पाठ. यांपैकी काही ताट्या लावणे त्या वेळी आवश्यकही असते. मार खाणाऱ्या बाईने दार लावून घेतले तर तिला मुक्ताबाईचे नाव घेऊन उघडायला लावू नये. मुक्ताबाईने दार उघडायला सांगितले ते अपमान झालेल्या संताला, आणि पलीकडे स्वतः ती उभी होती, अपमान करणारा नव्हे. हा बारकावा सोडला तर या अभंगांचा दुरुपयोग होईल.

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू दाराशी उभा राहून ठोठावीत असल्याचे चित्र आहे. विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने १८५३ साली ते रंगविले. त्या चित्रातल्या दाराला बाहेरून कडी नाही. उघडायचे ते आतूनच. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडून २०२५ च्या जयंती वर्षाचा आरंभ केला, तेव्हा याच प्रतिमेला जागतिक रूप मिळाले. परंतु रोमचे दार उघडले म्हणून घरचे आपोआप उघडत नाही. ते आपल्या हातचे काम.

वर्षाचा शब्द घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना म्हणून आमची एक सूचना आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री उपकारस्तुतीच्या प्रार्थनेनंतर घरातल्यांनी एकत्र बसावे आणि सर्वांत लहानाला विचारावे : आमच्या घरात कोणते दार बंद आहे? पतीने पत्नीला 'ऐक' आणि पत्नीने पतीला 'बोल' असे शब्द वाटण्याचा खेळ मात्र टाळावा. त्यातून नव्या ताट्या तेवढ्या लागतील. लहानाने जे सांगितले त्यातला एक शब्द सर्वांनी मिळून घ्यावा. तो भिंतीवर लावण्याची गरज नाही. वर्षाअखेर तो पुरा साधला नाही तरी बदलू नये. पाम्बोला एकोणीस वर्षे लागली होती. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच, शब्द अजून ताजा आहे तोवर, ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्याच्या घरी जाऊन यावे. जाताना भरताची दोन वांगी न्यावीत. खानदेशात थंडीच्या दिवसांत एवढे निमित्त पुरेसे असते.